डिस्क थंड जागी आहे

"ही डबी महिनाभर तुमच्याकडे राहू दे, वहिनी. हलवायची नाही, भिजवायची नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आमच्या दादाच्या हाती द्यायची नाही."

डॉक्टरांनी हे गाडीत एक पाय ठेवून सांगितलं होतं आणि दुसरा पाय आत घेताना पुन्हा एकदा सांगितलं होतं. डॉक्टर म्हणजे वहिनींचे धाकटे दीर, दातांचे डॉक्टर. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ते मुलीच्या गावी निघाले होते. परत आले की दवाखाना एका तरुण डॉक्टरीणबाईंच्या स्वाधीन करायचा आणि आपण निवृत्त व्हायचं, असं ठरलेलं होतं. खुर्ची, दिवा, बाकं, पडदे सगळं त्या बाई नवं आणणार होत्या. त्यांना जुन्यातलं एकच हवं होतं, पेशंट. आणि पेशंट म्हणजे त्यांच्या दातांचे एक्स-रे. डॉक्टरांनी आजवर काढलेले सगळे एक्स-रे त्या डबीत होते. डबी म्हणजे कॉम्प्युटरला बाहेरून जोडायची हार्ड डिस्क. काळी, साबणाच्या वडीएवढी.

"यात माझा सगळा दवाखाना आहे," डॉक्टर म्हणाले होते. "ही गेली तर त्या बाईंना मी काय देऊ, नुसती किल्ली?"

वहिनींनी डिस्क दोन्ही हातांनी घेतली. दवाखान्यात नावं लिहून घ्यायला, फोन उचलायला आणि खुर्चीकडे बघून रडणाऱ्या मुलांची समजूत काढायला इतकी वर्षं त्याच बसत आल्या होत्या. पेशंटही त्यांना वहिनीच म्हणत, त्यांच्याहून वयाने मोठे होते तेसुद्धा.

वहिनींचे दोन नेम होते. पहाटे अंघोळ झाली की देवापुढे बसून त्या मनाशी म्हणत, आज खोटं बोलायचं नाही, आज आवाज चढवायचा नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. जन्मभराची शपथ त्यांना झेपली नसती. एका दिवसाची झेपत होती, म्हणून त्या ती रोज नव्याने घेत.

त्यांनी डिस्क मऊ फडक्यात गुंडाळून देवाच्या फडताळात, समईपासून हातभर लांब ठेवली. घरात याहून सुरक्षित जागा त्यांना ठाऊक नव्हती. फडताळाचं दार लावतात न लावतात तोच मागून दादांनी विचारलं, "काय दिलंय गं त्याने?"

"डिस्क."

"मग अशी घाईघाईने दार का लावतेस?"

"तुमच्या हाती द्यायची नाही असं सांगून गेलेत भावजी."

एवढं एक वाक्य गिळलं असतं तर पुढचं रामायण टळलं असतं. पण नेम म्हणजे नेम.

दादा टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले होते. तरुणपणी खांबांवर चढून त्यांनी कित्येक मुके फोन बोलते केले होते, आणि त्या पुण्याईवर जगातलं कुठलंही यंत्र आपल्याला वचकून असतं अशी त्यांची समजूत होती. घरातला मिक्सर त्यांनी दुरुस्त केल्यापासून चालू केला की ओट्यावरून चालत निघे. त्याला एकाने धरून ठेवावं लागे. इस्त्री दुरुस्त झाल्यापासून फक्त गार असतानाच वापरायची होती. अशा माणसाला 'तुमच्या हाती द्यायची नाही' म्हणणं म्हणजे मांजराला दुधाचा पत्ता देण्यासारखंच होतं.

आठवडाभर दादांनी संयम पाळला. मग एके सकाळी वहिनी डोळे मिटून जप करत असताना त्यांना आपल्या कानाजवळून कुणीतरी हात लांब केल्याची चाहूल लागली. जपात डोळे उघडायची त्यांना सवय नव्हती. काड्यापेटी हवी असेल, असं मनाशी म्हणून त्या माळ ओढत राहिल्या. माळ पुरी झाल्यावर डोळे उघडले, तर फडताळात देव होते, समई होती, काड्यापेटीही होती. डिस्क नव्हती.

दादा बैठकीत टेबलापाशी होते. डिस्क कॉम्प्युटरला जोडलेली होती आणि तिचा निळा दिवा लुकलुकत होता.

"घाबरू नकोस," ते म्हणाले. "आठवडाभर बंद पडून आहे बिचारी. म्हटलं, जरा नाडी बघावी."

आणि वहिनी दारातून टेबलापर्यंत पोचायच्या आत त्यांनी ती फिरती डिस्क उचलून, पालथी करून, आपल्या बऱ्या कानाला लावली. जन्मभर फोन कानाला लावणाऱ्या माणसाचा हात दुसरीकडे जाणार तरी कुठे. आतून एक बारीकशी कुरकुर झाली. मग डिस्क बोलू लागली. टक्. टक्. टक्.

दादांनी ती हळूच खाली ठेवली.

"मी काही केलेलं नाही," ते म्हणाले. वहिनींनी अजून काही विचारलंच नव्हतं.

कॉम्प्युटरवर डिस्कचं नाव दिसत होतं ते गेलं. वायर काढून लावली, तरी टक् टक्. दुसऱ्या भोकात लावली, तरी टक् टक्. दादांनी तिला दोन चापट्या मारून पाहिल्या. खात्यातल्या जुन्या यंत्रांना म्हणे ते चालत असे.

संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आला. डोळ्याला पट्टी होती, वाचता येत नव्हतं, टीव्ही बघायचा नव्हता, त्यामुळे रोज फोन करणं हा त्यांचा एकच उद्योग होता. ऑपरेशन कसं झालं, मुलगी किती काळजी घेते, हे सगळं सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, डिस्क बरी आहे ना.

वहिनींनी टेबलावरच्या डिस्ककडे पाहिलं. खोटं बोलायचं नव्हतं. आणि ताज्या ऑपरेशनच्या माणसाला धक्काही द्यायचा नव्हता. डोळ्यावर ताण येऊ द्यायचा नाही असं तिकडच्या डॉक्टरांनी बजावलं होतं.

"घरातच आहे, भावजी," त्या म्हणाल्या. "माझ्या नजरेसमोर आहे."

दोन्ही गोष्टी शंभर टक्के खऱ्या होत्या. फोन ठेवताना मात्र वहिनींना चप्पल घालून देवघरात गेल्यासारखं वाटलं.

दादांनी खात्यातल्या आपल्या जुन्या जोडीदाराला गाठलं. जोडीदार निवृत्तीनंतर इंटरनेटवर सगळं वाचत असे. त्याने सांगितलं की गरम होऊन आतले भाग फुगतात, म्हणून डिस्क रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवायची, म्हणजे ती आकसते आणि शुद्धीवर येते. दादांना हे एकदम पटलं. वहिनी म्हणाल्या की भावजींनी भिजवायची नाही असं सांगितलंय. दादा म्हणाले, बर्फ म्हणजे काय पाणी आहे का. वहिनींनी शांतपणे विचारलं, मग काय आहे. दादांनी प्रश्न ऐकू न आल्यासारखं केलं. एक कान अधू असण्याचे काही फायदेही असतात. डिस्क दोन पिशव्यांत गुंडाळून फ्रीझरमध्ये गेली, मटारच्या पुड्याशेजारी.

त्या संध्याकाळी डॉक्टरांनी विचारलं, "इकडे उकाडा फार आहे. डिस्क तापत नाही ना तिकडे?"

"नाही," वहिनी म्हणाल्या. "थंड जागी आहे."

"वा. हे मला सुचलं नसतं बघा, वहिनी."

डॉक्टर इतके खूश झाले की लगेच त्यांनी नव्या डॉक्टरीणबाईंना फोन केला आणि वहिनींचे गोडवे गायले. जिनसा कशा जपाव्यात हे त्यांच्याकडून शिकावं, असंही म्हणाले. याचा परिणाम दुसऱ्या दिवशी दिसला.

सकाळी डिस्क फ्रीझरमधून निघाली ती पांढरी होऊन. बघता बघता पांढऱ्याचं पाणी झालं, आणि टेबलावर तिच्याखाली छोटंसं तळं साचलं. दादा अजिबात गडबडले नाहीत. ओल शोषायला तांदळासारखं दुसरं काही नाही, असं म्हणून त्यांनी तांदळाच्या डब्याचं झाकण काढलं आणि डिस्क आत पुरली. वर हाताने तांदूळ सारखे केले, जणू काही झालंच नाही. आणि तेवढ्यात दाराची घंटा वाजली.

दारात नव्या डॉक्टरीणबाई उभ्या होत्या. हातात मिठाईचा पुडा, आणि दुसऱ्या हातात त्यांची स्वतःची डिस्क, लाल रंगाची.

"वहिनी, सरांनी तुमच्याबद्दल इतकं सांगितलं ना. माझ्या आधीच्या दवाखान्याचं सगळं यात आहे. माझं घर बदलणं चाललंय, सामान सगळीकडे पसरलंय. सरांच्या डिस्कबरोबर हीसुद्धा ठेवाल का?"

दादांनी पुढे होऊन हात लांब केला. वहिनी मध्ये उभ्या राहिल्या. कधी नव्हे ती त्यांची ही चपळाई बघून दादाच दचकले.

"आज नको," वहिनी हळू आवाजात म्हणाल्या. "घरात एक जण आजारी आहे."

"अरे बापरे. कोण?"

"भावजी माझ्यावर सोपवून गेलेत ते. बरं वाटलं की कळवते."

बाई गोंधळल्या, पण दुखण्याची जास्त चौकशी करू नये म्हणून पुडा देऊन निघाल्या. जाताना दादांना म्हणाल्या, काका, काळजी घ्या, तुम्हीच थोडे थकलेले दिसताय. दादांनी दार लावलं आणि त्यांचा चेहरा पडला.

संध्याकाळी डिस्क तांदळातून काढली. कोरडी होती. फक्त वायर लावायच्या खाचेत एक तांदळाचा दाणा जाऊन बसला होता. दादांनी तो सुईने काढायला घेतला. दाणा आत सरकला. चिमट्याने धरला, तर तुटून अर्धा राहिला. मग दादांनी कपाटातून चष्म्याचे स्क्रू पिळायचा बारीक स्क्रू ड्रायव्हर आणला आणि डिस्कच्या कडेला तो घुसवून काळं कवच सोललं. आत आणखी एक डबी निघाली, चकचकीत, लोखंडी, झाकणाच्या कडेने स्क्रू असलेली.

"आता कळेल काय खुटखुटतंय ते," दादा म्हणाले, आणि पहिला स्क्रू फिरवायला बसले. स्क्रू फिरेना. त्याच्या डोक्यावर नेहमीची चीर नव्हती, चांदणी होती. कुठल्या तरी कारखान्यातल्या कुणा दूरदर्शी माणसाने जगातल्या सगळ्या दादांना डोळ्यांसमोर ठेवून ती चांदणी आखली होती. वहिनींनी त्या अनोळखी माणसाला मनोमन हात जोडले.

"शेजारी असेल असला पाना," म्हणत दादा उठू लागले.

वहिनींनी त्यांच्या हातावर हात ठेवला. आवाज चढवला नाही. उलट तो इतका खाली गेला की दादांना बरा कान पुढे करावा लागला.

"अहो, ठेवा तो स्क्रू ड्रायव्हर. भावजींचं सगळं आयुष्य आहे त्यात. त्यांनी ते माझ्या हातात दिलं, तुमच्या नाही. उद्या मी जाणकाराकडे घेऊन जाणार आहे. यायचं तर या, नाहीतर मी एकटी जाते."

दादा बसले. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण बायको ओरडली असती तर बरं झालं असतं असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं.

गेलेला डेटा परत काढून देणाऱ्या माणसाचं दुकान गाद्यांच्या दुकानाच्या वर होतं. जिना अरुंद, खोली थंडगार, भिंतीला टेकून ठेवलेल्या मेलेल्या डिस्कांची चळत. माणूस मध्यमवयीन, कमी बोलणारा. त्याने डिस्क हातात घेतली, सोललेलं कवच पाहिलं आणि एक कागद ओढला.

"पडली होती का?"

"छे," दादा म्हणाले. "काहीच केलं नाही. ठेवल्या जागी बिघडली."

वहिनींनी पदर सारखा केला. "चालू असताना उचलून कानाला लावली होती."

डिस्कवाल्याने लिहून घेतलं. "पाणी लागलं?"

"मुळीच नाही," दादा म्हणाले.

"फ्रीझरमध्ये ठेवली होती," वहिनी म्हणाल्या. "रात्रभर. मटारशेजारी."

डिस्कवाल्याने पेन खाली ठेवलं. मग पुन्हा उचललं. "आणखी काही?"

"तांदळात पुरली होती. एक दाणा आत आहे. अर्धा. दुसरा अर्धा चिमट्याबरोबर आला."

"आणि चापट्या किती मारल्या?"

"दोनच," दादा घाईने म्हणाले.

डिस्कवाल्याने चापट्याही लिहून घेतल्या. मग त्याने शेवटची आशा म्हणून विचारलं, "काकू, याची दुसरी प्रत असेलच ना? दवाखान्याचा माल आहे म्हणता."

वहिनींचा चेहरा उजळला. हा प्रश्न कुणी आधी का विचारला नाही, असं त्यांना झालं. "आहे तर. भावजी फार शिस्तीचे. दर महिन्याला सगळ्याची नक्कल काढतात, मी स्वतः पाहिलंय. 'सुरक्षित' नावाचं वेगळं फोल्डर आहे त्याचं."

"छान. ते फोल्डर कुठे आहे?"

"हिच्यातच."

खाली गादीवाला कापूस पिंजत होता, तेवढाच आवाज काय तो आला. दादांना आयुष्यात पहिल्यांदा आपला भाऊ आपलाच भाऊ असल्याची खात्री पटली. त्यांना ते बोलूनही दाखवायचं होतं, पण त्यांनी वहिनींकडे पाहिलं आणि बेत रद्द केला.

डिस्कवाल्याने वचन काही दिलं नाही. आतलं वाचायचं डोकं बदलावं लागेल, तशाच दुसऱ्या डिस्कचं काढून बसवावं लागेल, मग जे हाती येईल ते येईल. "आणि तोवर," तो दादांकडे बघून म्हणाला, "फोन करून चौकशी करू नका. मीच करीन."

पुढचे काही दिवस वहिनींना अन्न गोड लागेना. संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आला की त्या उभ्याने घेत. एकदा त्या म्हणाल्या, डिस्क जाणकाराकडे तपासणीला दिलीय. डॉक्टर गहिवरले. इतकी काळजी आपण स्वतःही घेतली नसती, म्हणाले. दवाखाना देताना बाईंना सांगणार आहे की वस्तूंबरोबर वहिनीही मागून घ्या, असंही म्हणाले.

त्या रात्री वहिनी अंथरुणावर पडून विचार करत राहिल्या. इतक्या दिवसांत आपण एकही शब्द खोटा बोललो नाही, आणि तरी त्या भल्या माणसाला एकही खरी गोष्ट माहीत नाही, हे कसं झालं. पहाटे त्या देवापुढे बसल्या, पण नेहमीचं वाक्य ओठांवर येईना. नेम घ्यायचा तो कुठल्या तोंडाने. शेवटी त्या तशाच उठल्या आणि फोनपाशी गेल्या. डॉक्टरांची वाट न बघता आपण होऊन त्यांनी नंबर फिरवला आणि कानापासून चापट्यांपर्यंत सगळं, मधलं काही न वगळता, सांगून टाकलं.

पलीकडे डॉक्टरांनी सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"वहिनी," अखेर डॉक्टर म्हणाले, "ते मटार तुम्ही खाल्लेत का?"

"नाही, भावजी."

"खाऊ नका. त्या डिस्कला पेशंटांच्या तोंडातले माझे हात लागलेले असतात." आणि थोडं थांबून, "मी येतोय."

डॉक्टर काळा चष्मा लावून आले त्याच दिवशी डिस्कवाल्याचाही निरोप आला. तिघं जिना चढून गेले. दादा शेवटी, आणि एक पायरी अंतर ठेवून. डिस्कवाल्याने नवी डिस्क पुढे केली.

"चित्रं जवळजवळ सगळी आली," तो म्हणाला.

वहिनींनी डोळे मिटले. डॉक्टरांनी डिस्कसाठी हात पुढे केला.

"नावं नाही आली. ज्या भागात नावं लिहिलेली असतात तोच खरवडला गेलाय. एक्स-रे आहेत, पण कुणाचे ते नाही. नुसते आकडे पडलेत. आणि एक सांगून ठेवतो, तुम्ही मागे जे पुसून टाकलं होतं तेही त्यात मिसळून आलंय. माणसाला वाटतं पुसलं म्हणजे गेलं. डिस्क तशी विसरत नाही."

घरी आल्यावर डॉक्टर कॉम्प्युटरपुढे बसले आणि चित्रं एकामागून एक सरकवू लागले. काळ्या पडद्यावर पांढरे दात, रांगाच्या रांगा, आणि एकालाही धनी नाही. नव्या डॉक्टरीणबाईंना सगळं खरं सांगावं लागलं. त्यांनी चार चित्रं सरकवून पाहिली. मग स्पष्टच म्हणाल्या की पेशंट म्हणून हे असे निनावी जबडे घेऊन मी काय करू, पहिल्या तारखेपर्यंत नावं लागली तर ठरल्याप्रमाणे, नाहीतर सर, आपण पुन्हा बोलू. पुन्हा बोलू म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं.

"मी लावून देते नावं," वहिनी म्हणाल्या.

"कशी, वहिनी? तुम्हाला दातातलं काय कळतं?"

"मला दातातलं काही कळत नाही, पण माणसं ठाऊक आहेत. मी माणूस आणून बसवते, तुम्ही तोंड बघून सांगा."

आणि तसंच झालं. वहिनींनी एकेकाला फोन लावले. खरं तेच सांगितलं, की आमच्याकडून तुमच्या दातांचं नाव हरवलंय, जरा येऊन तोंड उघडून दाखवा. गंमत अशी की दात दुखत असताना महिनोन्महिने टाळाटाळ करणारी माणसं या कामाला हसत आली. सुई नाही, ड्रिल नाही, फक्त आ करायचा. दवाखान्यातली बाकं भरली. जिन्यात रांग लागली. डॉक्टरांना चेहरे कधीच लक्षात राहत नसत, रस्त्यात भेटलेल्या पेशंटला ते ओळखही देत नसत. पण तोंड उघडलं रे उघडलं की त्यांना सगळं आठवे. काळा चष्मा कपाळावर सारून ते आत डोकावत आणि म्हणत, हां, हा वाकडा सुळा, लग्नाच्या आधी काढायला आला होतास आणि मग लग्नच मोडलं. नव्या बाई शेजारी बसून पडद्यावरचं चित्र शोधत आणि नाव घालत.

शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका आल्या त्या रागावूनच. "मी दरवर्षी शेकडो पोरांची नावं तोंडपाठ ठेवली," त्या खुर्चीत बसता बसता म्हणाल्या, "आणि तुमच्याच्यानं माझे बत्तीस दात सांभाळवले नाहीत?"

"बाई, अठ्ठावीस," डॉक्टर आत बघत म्हणाले. मुख्याध्यापिकांचं तोंड उघडंच होतं, त्यामुळे त्यांना उत्तर देता आलं नाही. त्यांच्या शाळेतले निम्मे माजी विद्यार्थी बाकावर होते. त्यांनी माना खाली घातल्या, पण खांदे हलत होते.

या सगळ्या दिवसांत दादा दवाखान्यात आले नाहीत असं नाही. ते रोज थर्मासमधून चहा आणत. पण उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नसत. थर्मास दारातूनच पुढे करत, आणि आतून 'ड्रिल' एवढा नुसता शब्द ऐकू आला तरी त्यांना काहीतरी काम आठवे. लाज वाटत असेल, असं वहिनी समजत होत्या.

पहिली तारीख उजाडायच्या आदल्या संध्याकाळी काम संपलं. नव्या बाईंनी यादी चाळली आणि डॉक्टरांसमोर हात पुढे केला. म्हणाल्या, सर, इतके पेशंट स्वतःहून आलेले मी कुठल्या दवाखान्यात पाहिले नाहीत, आता मला सगळे चेहऱ्याने माहीत आहेत, तोंडाने तर आहेतच. डॉक्टरांनी त्यांच्या हातात किल्ली ठेवली. बाई गेल्या. वहिनींनी कित्येक दिवसांनी पाठ टेकली.

"हे एक राहिलं की, भावजी," त्या पडद्याकडे बघून म्हणाल्या. "याला कुणीच धनी सापडला नाही."

चित्रात उजवीकडची एक दाढ होती. अर्धी पोखरलेली, आणि वरून तात्पुरती भरून सोडलेली. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि पुन्हा काढला.

"हे मी पुसून टाकलं होतं," ते म्हणाले. "तुम्ही खोटं बोलत नाही ना, वहिनी. म्हणून तुम्हाला कळूच द्यायचं नाही असं त्याने माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं."

"कुणी?"

"तुम्ही तुमच्या बहिणीकडे गेला होतात, तेव्हा आला होता. दाढ धरून. मी ड्रिल सुरू केलं आणि अर्ध्यावर खुर्चीतून उठला. म्हणाला, खांबावर जायचंय, लाइन बंद पडलीय. तेव्हा त्याला रिटायर होऊन वर्ष झालं होतं."

वहिनी पडद्याजवळ सरकल्या. दादा जेवताना नेहमी डाव्या गालात घास का धरतात, गार पाणी नको का म्हणतात, आणि 'हल्ली तुझ्या हातचं सगळंच कडक होतं' हे वाक्य त्यांनी गेली कित्येक वर्षं रोज का ऐकलं, हे सगळं त्यांना त्या एका दाढेत दिसलं. जेवण मऊ व्हावं म्हणून त्यांनी काय काय केलं होतं. भाज्या गाळ होईस्तोवर शिजवल्या होत्या.

"ते तात्पुरतं भरलेलं सिमेंट इतकी वर्षं टिकत नाही हो," डॉक्टर म्हणाले. "आत काय झालं असेल देव जाणे. आज रात्रीपर्यंत खुर्ची माझी आहे, डोळाही आता साफ दिसतोय. उद्यापासून मी कोण. आणाल त्याला?"

"आणते," वहिनी म्हणाल्या.

"ओरडेल."

"मी नाही ओरडणार."

त्या घरी निघाल्या. वाटेत त्यांनी असं एखादं वाक्य शोधून पाहिलं, की जे संपूर्ण खरं असेल आणि तरीही दादांना जागचं हलवेल. असं वाक्य सापडलं नाही, आणि अर्ध्या खऱ्या वाक्यांची त्यांना आता धास्ती बसली होती. तेव्हा त्यांनी वाक्याचा नादच सोडला.

दादा बैठकीत जमिनीवर बसून दाराची घंटा उघडत होते. वहिनींनी चपला काढल्या नाहीत. जवळ जाऊन त्यांच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि टेबलावर ठेवला.

"चला," त्या म्हणाल्या.

"कुठे?"

वहिनी काही बोलल्या नाहीत. नुसत्या त्यांच्याकडे बघत राहिल्या, नेहमीसारख्याच शांत. दादांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा दाराकडे, आणि त्यांचा हात आपसूक उजव्या गालावर गेला.

वहिनींनी दाराशी वाकून त्यांच्या चपला बाहेरच्या दिशेने सरळ केल्या, आणि बाजूला उभ्या राहिल्या.